वाक्य माझं होतं

बिराजदार सर गेल्याचं मला तीन आठवड्यांनी कळलं. धाराशिवच्या जुन्या ऑफिसातली सुरेखा फोनवर भलतंच काहीतरी सांगत होती आणि बोलता बोलता म्हणाली, "सरांच्या वेळेला तू आली न्हाईस ते." कसल्या वेळेला, असं मी विचारलं. तिला वाटत होतं मला ठाऊक आहे. मला वाटत होतं त्यांना अजून पुष्कळ वर्षं आहेत. मग तिनं सांगितलं की श्रावणातल्या एका सकाळी अंगणात तोंड धुताना ते खाली बसले, ते पुन्हा उठलेच नाहीत.

माझ्याकडे त्यांचा एकही फोटो नाही. कुणी मोबाइल वर धरला की ते हमखास कशाला तरी वाकायचे, चप्पल नीट करायला नाही तर पिशवी उचलायला. पण डोळे मिटले की दिसतात. बुटका बांधा, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशात दोन्हीकडून टोक काढलेली लाल पेन्सिल. सकाळी ऑफिसात येताना कपाळावर विभूतीचे तीन पट्टे असत आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्यातला एखादाच उरलेला असे. भाकरी, शेंगाची चटणी आणि कांदा एवढंच जेवण, तेही भिंतीकडे तोंड करून. कुणी भाजी पुढं केली तर मान हलवायचे. त्याचा राग आम्हाला पहिले काही दिवस यायचा, पुढं येईनासा झाला.

एम.ए. मराठी झाल्यावर वर्षभर मी अणदूरला घरीच होते. एक दिवस मोबाइलवर जाहिरात दिसली, 'कंटेंट डिझायनर, मराठी, धाराशिव'. डिझायनर म्हणजे चित्रं काढावी लागतील असं वाटून मी अर्ज करणारच नव्हते. गेले तेव्हा कळलं की चित्रांचं काम दुसऱ्यांकडे आहे. पुण्याची एक कंपनी दवाखान्यांची, कॉलेजांची, निरनिराळ्या संस्थांची ॲप आणि संकेतस्थळं बनवायची. त्यात माणसाला जे शब्द दिसतात, म्हणजे बटणावरचे, अर्जातल्या रकान्यांवरचे, चूक झाली की लाल अक्षरांत येणारे, ते मराठीत लिहायचं काम धाराशिवच्या ऑफिसात होत असे. ऑफिस म्हणजे बी-बियाण्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. खालच्या औषधांचा वास कपड्यांना लागायचा. आम्ही सगळे मिळून सहाजण. बिराजदार सर आमचे प्रमुख.

वडिलांना हे काम समजावून सांगताना माझी फार पंचाईत झाली. ते म्हणाले, "म्हंजे नेमकं काय करालीस तू?" मी म्हटलं, बटणावर काय लिहायचं ते ठरवते. त्यांनी थोडा विचार केला आणि दुसऱ्या दिवसापासून गावात सांगायला लागले की पोरगी कंप्युटरवर आहे.

सरांचं स्वतःचं शिक्षण बी.ए.पर्यंत. सोलापूरच्या एका दैनिकात त्यांनी वीस-बावीस वर्षं मुद्रितं तपासली होती. ते दैनिक बंद पडल्यावर काही दिवस कंप्युटर क्लासमध्ये मराठी टायपिंग शिकवलं, आणि तिथून या कामाला आले. त्यांचं गाव उमरगा तालुक्याच्या अगदी टोकाला, कर्नाटकाच्या हद्दीशी. घरी कानडी. धाराशिवात ते एका खोलीत एकटे राहायचे आणि शनिवारी गावी जायचे. मराठी आपली जन्माची भाषा नाही याचं त्यांना कधी वाईट वाटलं नाही. उलट म्हणायचे, "तुम्ही मराठीत जन्मलात, त्यामुळं तुम्हाला ती अडत न्हाय. मला ती पहिलीत अडली होती. कुठं अडली, ते अजून ध्यानात हाय."

मुलाखतीत त्यांनी मला एकच वाक्य लिहायला दिलं. समजा एखाद्यानं मोबाइल नंबर चुकीचा टाकला, तर त्याला काय सांगाल? मी एम.ए.ची सगळी पुण्याई पणाला लावून लिहिलं, 'आपण प्रविष्ट केलेला भ्रमणध्वनी क्रमांक अवैध आहे. कृपया वैध क्रमांक प्रविष्ट करावा.' सरांनी ते वाचलं आणि कागद घेऊन जिना उतरायला लागले. मीही मागोमाग गेले. खाली दुकानाच्या पायरीवर एक बाई बियाण्याची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. सरांनी तिला कागद दिला आणि म्हणाले, मावशी, मोबाइलवर हे असं आलंय, मला काही कळंना झालंय, बघता का जरा. बाईनं एकेक अक्षर जुळवत वाचलं. 'अवैध'वर थांबली. मग आपला मोबाइल पदराखाली सरकवत हळूच विचारलं, "चोरीचा हाय का ह्यो नंबर?"

वर आल्यावर सरांनी लाल पेन्सिलीनं माझं वाक्य खोडलं आणि खाली लिहिलं, 'मोबाइल नंबर दहा आकडी असतो. तुमचा एक आकडा राहिलाय. पुन्हा एकदा बघा.' नोकरी मिळाली, पण त्या दिवशी मी त्यांच्यावर जाम चिडले होते. एका अनोळखी बाईकडून माझा पाणउतारा केला, असं मला वाटत होतं. त्यांना तिलाही कमी लेखायचं नव्हतं आणि मलाही, हे समजायला बराच काळ जावा लागला.

त्यांच्या काही खोडी होत्या. प्रत्येक वाक्य ते हळू आवाजात उच्चारून वाचायचे, ओळीखाली बोट फिरवत. दिवसभर खोलीत त्यांची कुजबुज चाललेली असायची, कोणी जप करत असल्यासारखी. एखादं वाक्य पटलं नाही की स्क्रीनवर तळहात ठेवून विचारायचे, "आता सांग, काय करायचंय माणसानं?" वाक्य झाकल्यावर आपल्याला सांगता आलं नाही, तर ते वाक्य बाद. 'यशस्वीरीत्या' या शब्दाशी त्यांचं जुनं वैर होतं. लग्नाची पत्रिका आली की आधी तिच्यातल्या चुका काढायचे आणि आहेराबरोबर ती दुरुस्त पत्रिकाही परत द्यायचे, त्यामुळं दोन-तीन घरांशी त्यांचं बोलणं बंद होतं. पुण्याच्या माणसांशी त्यांचं फार जमत नसे. व्हिडिओ कॉलवर सगळे इंग्रजीत बोलायला लागले की हे तोंडावर हात ठेवून जांभई द्यायचे, आणि नंतर तासभर धुसफुसत बसायचे. दर मीटिंगला एक तरी भांडण. जिल्ह्यांच्या यादीत एकदा पुण्याहून फक्त धाराशिव हे नवं नाव आलं. सर म्हणाले, म्हातारी माणसं उस्मानाबाद शोधतील आणि सापडलं न्हाय की अर्ज सोडून देतील, दोन्ही नावं ठेवा. पुण्याची मॅडम म्हणाली, तसं बरं दिसत नाही. सर पंधरा दिवस अडून बसले आणि दोन्ही नावं ठेवून घेतली.

मंगळवारी ते तुळजापूरला जायचे. देवीच्या दर्शनाला नाही, बसस्टँडवर. कापडी पिशवीत कागदावर छापलेले ॲपचे स्क्रीन असत. सोलापूरहून भाविकांच्या गाड्या येत राहतात, वाट बघत बसलेली माणसं असतात, त्यांच्याशेजारी जाऊन बसायचं आणि कागद पुढं करायचा. हे मी लिहिलंय असं कधीच सांगायचं नाही. मला कळंना झालंय, एवढंच. "लिहिणारा समोर हाय म्हणलं की माणूस खोटं बोलतंय, तुझं मन राखायला," असं ते म्हणायचे.

एकदा त्यांनी मलाही नेलं. दवाखान्यात नंबर लावायच्या ॲपचं काम चालू होतं. बाकावर एक वयस्कर जोडपं बसलं होतं. मी त्या गृहस्थांना कागद दिला. त्यांनी तो नीट धरला, वरून खाली नजर फिरवली, दोनदा मान हलवली आणि म्हणाले, चांगलं लिहिलंय की. मी विचारलं, मग आता कुठलं बटण दाबाल? त्यांनी बायकोकडं पाहिलं. मी पुन्हा विचारलं. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तेवढ्यात सरांनी तो कागद त्यांच्या हातून काढून घेतला. म्हणाले, राहू द्या बाबा, छपाईच लई बारीक आलीय, मलाबी दिसंना. आणि लगेच दर्शनाची रांग कुठवर आली, मुक्काम कुठं केला, असल्या गप्पा काढल्या. दहा मिनिटांत ते गृहस्थ हसत होते. मी तिथं नसल्यासारखी बसून होते.

परतीच्या एसटीत सरांनी दोघांची तिकिटं काढली. मग म्हणाले, "त्या माणसाला तू बायकोपुढं अडाणी केलंस."

मला रडू आलं. त्यांनी रडू दिलं. थोड्या वेळानं, बाहेर बघत, त्यांनी मला त्यांच्या आईची गोष्ट सांगितली. ती त्यांनी ऑफिसात दुसऱ्या कुणाला सांगितली असेल असं मला वाटत नाही.

त्यांच्या आईला मराठी बोलता येत नव्हतं आणि वाचता तर काहीच येत नव्हतं. सर पाचवीत होते. आईचे गुडघे धरले होते, म्हणून वडिलांनी तालुक्याच्या गावाहून औषधाची बाटली आणली. बाटलीवरचं वाचायला आईनं यांना बोलावलं. शाळेत वाचनात हे पहिले. यांनी ताठ उभं राहून, शब्द न् शब्द स्पष्ट वाचलं, 'केवळ बाह्य उपयोगासाठी'. आईनं कौतुकानं पाठीवरून हात फिरवला. 'बाह्य' म्हणजे काय ते आईला ठाऊक नव्हतं आणि यांनाही नव्हतं. आईनं ते औषध चमच्यानं घेतलं. दुसऱ्या दिवशीही घेतलं. ती वाचली, पण घसा भाजला तो भाजलाच. पुढं जन्मभर तिचा आवाज घोगरा राहिला. पूर्वी जात्यावर गायची, ते थांबलं.

"मी एक अक्षर चुकीचं वाचलं न्हवतं," सर म्हणाले. तेवढ्यावर ती गोष्ट संपली. पुढं धाराशिव येईपर्यंत ते झोपल्यासारखे डोळे मिटून बसले.

ही गोष्ट ऐकल्यावर मी सुधारले असं म्हणायला मला आवडलं असतं. पण माणूस असा एका गोष्टीनं सुधारत नाही. दोन वर्षांत मी कामात तरबेज झाले, वाक्यं भराभर सुचायला लागली. पुण्याची मॅडम परस्पर माझं कौतुक करायला लागली आणि मला ते हवंहवंसं वाटायला लागलं. सर मंगळवारी पिशवी घेऊन निघाले की मी काहीतरी काम पुढं करून मागं राहू लागले.

मग नर्सिंग कॉलेजच्या प्रवेशांचं काम आलं. एका संस्थेची कॉलेजं होती, मुलींना शिक्षणाबरोबर राहणं-जेवण मोफत होतं, त्यामुळं खेड्यापाड्यातून अर्ज येणार होते. अर्ज मोठा, सात पानांचा. म्हणून मधे थांबून अर्धा अर्ज ठेवून देता यावा अशी सोय केली होती. एक बटण 'जतन करा', दुसरं 'सादर करा'. जतन केल्यावर जी सूचना यायची, ती मी लिहिली. 'आपला अर्ज यशस्वीरीत्या जतन करण्यात आला आहे. धन्यवाद.' शेजारी हिरवी बरोबरची खूण. पुण्याहून आलेल्या मूळ इंग्रजी मजकुरात धन्यवाद नव्हतं. ते मी माझ्या मनानं घातलं. नुसतं वाक्य जरा कोरडं वाटत होतं.

त्या आठवड्यात सरांच्या बायकोचं, महानंदाकाकूंचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन सोलापूरला होतं. सर तिकडं होते. पुण्याला सगळं शुक्रवारी पाहिजे होतं. आणि शनिवारी आमच्या घरी माझ्या धाकट्या बहिणीला बघायला पाहुणे येणार होते, मला दुपारची गाडी गाठायची होती. दवाखान्याच्या व्हरांड्यातून सरांचा फोन आला. मागं कुणाच्या तरी नावाचा पुकारा चालला होता. त्यांनी विचारलं, माणसांना दाखवलंस का?

मी म्हटलं, "हो सर. पाच जणांना दाखवलं. पाचही जणांना कळलं."

मी एकालाही दाखवलं नव्हतं. खाली दुकानाच्या पायरीवर माणसं बसलेली होती. तेवढा जिनासुद्धा मी उतरले नव्हते.

सरांनी मागचा पुकारा संपू दिला. मग म्हणाले, "बरं. जाऊ दे पुढं." त्यांनी मोबाइलवरूनच मंजुरी पाठवली, आणि मी दुपारची गाडी गाठली.

अर्जांची मुदत संपली, यादी लागली, आणि त्यानंतर आठ-दहा दिवसांनी तेरखेड्याची अश्विनी आपल्या आईला घेऊन आमच्या ऑफिसचा जिना चढून वर आली. संकेतस्थळ बनवणाऱ्यांचं ऑफिस इथं आहे, असं तिला कॉलेजात कुणीतरी सांगितलं होतं. मुलगी सडपातळ, डोळे रडून सुजलेले, पण आवाज ठाम. आई फटाक्याच्या कारखान्यात कामाला होती. तिच्या बोटांची टोकं दारूच्या भुकटीनं चंदेरी झाली होती आणि ती टोकं लपवायला तिनं मुठी मिटल्या होत्या. अश्विनीचं नाव यादीत नव्हतं. तिनं अर्जच केलेला नाही असं कॉलेज म्हणत होतं. तिनं नेटकॅफेतून छापून आणलेला कागद सरांपुढं ठेवला.

सरांनी सवयीप्रमाणे बोट फिरवत तो मोठ्यानं वाचला. 'आपला अर्ज यशस्वीरीत्या जतन करण्यात आला आहे. धन्यवाद.' ते वाक्य मी पहिल्यांदाच कुणाच्या तरी तोंडून ऐकत होते.

अश्विनी म्हणाली, "धन्यवाद म्हणलंय की हितं. सगळं झाल्याशिवाय कुणी धन्यवाद म्हणतंय का?"

सरांनी माझ्याकडं पाहिलं नाही. त्यांनी दोघींना बसवलं, पाणी दिलं आणि त्याच पावली त्यांच्याबरोबर कॉलेजच्या ऑफिसात गेले. त्या आठवड्यात ते तीनदा गेले. अर्ज लिहून दिले, माणसांना भेटले, चूक आमची आहे हे सही करून कागदावर दिलं. यादी बंद झाली होती, ती उघडली नाही. मग त्यांनी पुण्याच्या मागं लागून जतन करून सादर न केलेल्या अर्जांवरची नावं मागवली आणि एकेका घरी फोन करायला बसले. बऱ्याच मुली निघाल्या. काहींना अजून वाटत होतं, यादी लागायची आहे. ती लागून गेली हे त्यांना सांगावं लागत होतं. शेजारच्या टेबलावर बसून मी ते ऐकत होते.

सोमवारी पुण्याचा कॉल झाला. मॅडमनी विचारलं, हे वाक्य कुणी लिहिलं आणि तपासून घेतलं होतं का. माझा माइक बंद होता. तो सुरू करायचं बटण माझ्या बोटाखाली होतं.

सर म्हणाले, "मी पाहून मंजूर केलं. वाक्य माझं आहे." आयुष्यात पहिल्यांदाच बहुतेक ते त्या लोकांशी इतकं कमी बोलले असतील. कॉल संपला. मी माइक उघडला नाही.

दुसऱ्या दिवशी ते तेरखेड्याला निघाले आणि मला म्हणाले, चल. अश्विनीचं घर वस्तीच्या कडेला, दोन खणांचं. वडील घरी होते. आम्हाला खुर्च्या देऊन ते स्वतः उंबऱ्यापाशी बसले. सरांनी हात जोडले आणि सांगितलं की चूक आमची आहे, तुमच्या मुलीनं सगळं बरोबर केलं होतं. वडील गडबडून गेले. म्हणाले, "न्हाय न्हाय सायेब, चूक आमचीच हाय. घरात शिकल्यालं कुणी न्हाय, त्याला तुमी काय करणार?"

सरांचे हात जोडलेलेच राहिले. अश्विनीची आई चहा घेऊन आली तेव्हा त्यांनी तो घेतला, घोट घेतला आणि ठसका लागला म्हणून बाहेर गेले. बराच वेळ आत आले नाहीत. निघताना त्यांनी एका कागदावर पुढच्या वर्षी अर्ज कधी निघतील, आपल्याला फोन कसा करायचा, हे मोठ्या अक्षरांत लिहून दिलं. आईनं तो कागद देवाच्या तसबिरीमागं ठेवला. पुढच्या वर्षी फोन आला नाही म्हणून सरांनीच केला. अश्विनीचं लग्न माघातच झालं होतं, असं तिच्या वडिलांनी सांगितलं. हे मला मागाहून सुरेखाकडून कळलं, कारण तोवर सर ऑफिस सोडून गेले होते.

त्यांना कुणी काढलं असं म्हणता येणार नाही. त्यांच्या कराराची मुदत संपत होती आणि ती वाढवली गेली नाही. शेवटच्या दिवशी सुरेखानं पेढे आणले होते. सरांनी अर्धा पेढा खाल्ला, सगळ्यांना नमस्कार केला. माझ्यापाशी आल्यावर, मी काहीतरी बोलणार असं त्यांना दिसलं असावं. त्यांनी हातानंच थांबवलं आणि म्हणाले, "काम नीट कर." मग पिशवी उचलून जिना उतरले. मी खिडकीशी गेले नाही.

वर्षाच्या आत मी पुण्याच्या ऑफिसात वरच्या जागेसाठी मुलाखत दिली. तुमच्या कामातली एखादी चूक आणि तुम्ही तिच्यातून काय शिकलात ते सांगा, असं विचारलं गेलं. मी 'जतन' आणि 'धन्यवाद'ची गोष्ट सांगितली. चांगली सांगितली. आमच्या टीमकडून झालेली चूक, असे शब्द मी वापरले. समोरचे तिघंही गंभीर झाले आणि मला ती जागा मिळाली.

त्यानंतर दोन वर्षांनी, मे महिन्यात, गावी गेलेली असताना मी उठले आणि उमरग्याची गाडी धरली. कुणाला सांगितलं नाही. सरांच्या गावाच्या फाट्यावर उतरून दोन किलोमीटर चालत गेले. घर विचारावं लागलं. सर ओसरीवर बनियनवर बसून शेंगा फोडत होते. वाळले होते. मला बघून आत जाऊन शर्ट घालून आले. महानंदाकाकूंनी कानडीत काहीतरी विचारलं, त्यांनी उत्तर दिलं, त्यात माझं नाव होतं आणि बाकीचं मला समजलं नाही. काकूंनी माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि जेवायला थांबायचंच असं खुणेनं सांगितलं.

जेवणं झाली. काकू आत गेल्या. पुण्यात काय चाललंय ते सरांनी विचारलं, मी सांगितलं. मग मी म्हटलं, सर, त्या वेळी मी ते कुणालाच दाखवलं नव्हतं.

ते शेंगा फोडत राहिले. "मला ठाऊक हुतं."

मी विचारलं, कधीपासून.

"फोनवरच. पाच जणांना दाखवलं म्हणलीस, पाचही जणांना कळलं म्हणलीस. इतकी वर्षं मी माणसांना कागद दाखवले. पाचांतल्या पाचांना कधी कळलं न्हाय."

मग तुम्ही मला तेव्हाच का विचारलं नाही, असं मी विचारलं. त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली.

"हिच्या डोळ्याला पट्टी हुती. दोन रात्री मी बाकावर काढल्या हुत्या. विचारलं असतं तर काम थांबवावं लागलं असतं, पुण्याशी भांडावं लागलं असतं. त्या दिवशी माझ्यात भांडण शिल्लक न्हवतं. म्हणून मी तुझं खरं मानलं." ती शेंग पुन्हा उचलून म्हणाले, "त्यामुळं वाक्य माझं हाय म्हणलो, ते काय तुला वाचवायला न्हाय. माझंच हुतं ते."

माझंही होतं, असं मी म्हणाले. त्यांनी मान हलवली. ती हो म्हणून होती, तू कशाला म्हणून होती, की मला आता यावर बोलायचं नाही म्हणून, ते मला आजही सांगता येत नाही. माफ केलं असं ते म्हणाले नाहीत. मीही मागितली नाही. आम्ही दोघं मिळून ती टोपली संपवली.

ऊन कलायच्या आत शेवटची सोयीची गाडी होती. चालत जाते म्हटलं तर ऐकेनात. त्यांच्याकडं एक जुनी लुना होती. डोक्याला पंचा गुंडाळून त्यांनी ती बाहेर काढली आणि मला मागं बसवून फाट्यावर आणलं. एसटी आली तेव्हा त्यांनी कंडक्टरला सांगितलं की आमच्या पाहुणीला सावलीच्या बाजूला बसवा. मला म्हणाले, "पाणी पी." एवढंच. मी पाया पडायला वाकले तर ते एक पाऊल मागं सरकले.

गाडी सुटली. मी खिडकीतून वळून पाहिलं. ते लुनाला पॅडल मारत होते. दोनदा मारलं, तिसऱ्यांदा मारलं, ती काही सुरू होईना. मग त्यांनी नाद सोडला, हँडल धरलं आणि ती ढकलत गावाच्या दिशेनं चालायला लागले. गावाचा रस्ता सरळ होता, दोन्ही बाजूंना नांगरून पडलेली काळी शेतं, एकही झाड नाही. पांढरा शर्ट आणि डोक्यावरचा पंचा लांबपर्यंत दिसत राहिला. मधे एकदा ते थांबले, घाम पुसला, आणि पुन्हा वाकून ढकलायला लागले. त्यांनी मागं पाहिलं नाही. कंडक्टरनं कुठलं तिकीट म्हणून विचारलं, मी अणदूर म्हटलं, आणि पुन्हा वळले तेव्हा गाडीनं वळण घेतलेलं होतं.